पक्ष मवाळ झाला म्हणतात, ते खरं कसं ओळखायचं?

चोपड्याच्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं आहे: "आमच्या तालुक्यात एका पक्षाने पंधरा वर्षं एका समाजाविरुद्ध बोलून मतं मिळवली. गेल्या दोन वर्षांपासून तोच पक्ष 'सर्वांना सोबत घेऊन' अशी भाषा करतो. उरुसाला शुभेच्छांचा फलक लावतो, जयंतीच्या मिरवणुकीत पाणी वाटतो. हा बदल खरा मानायचा की निवडणुकीपुरता? तुम्ही इतकी वर्षं हेच बघत आलात, तुम्ही कशावरून ठरवता?"

मी १९८९ पासून खानदेशात निवडणुकांच्या बातम्या करतो आहे. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झाला नव्हता, धुळ्यातच होता. या काळात जहाल पक्ष मवाळ झालेले पाहिले, मवाळ पक्ष जहाल झालेले पाहिले, आणि दोन्ही वेळा माझे अंदाज चुकलेलेही पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, नेत्याच्या मनात काय आहे हे शोधण्यात वेळ घालवू नका. उमेदीच्या वर्षांत मी तेच करायचो. मुलाखतीत घुमवून घुमवून विचारायचो, "साहेब, मनापासून सांगा." माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगायचा आणि मी ते छापायचो. त्यातले काहीजण खरंच मनापासून बोलत होते, तरी त्यांचा पक्ष बदलला नाही. पक्ष म्हणजे एक माणूस नव्हे. तालुकाध्यक्ष, बूथवर बसणारी पोरं, पैसा पुरवणारे व्यापारी, तिकिटाची वाट बघत दहा वर्षं सतरंज्या उचललेले कार्यकर्ते, हे सगळे मिळून पक्ष होतो. त्यामुळे मी दोन गोष्टी बघतो. या बदलाची किंमत पक्षातल्या कोणी मोजली का? आणि मागे फिरायची वाट त्यांनी मोकळी ठेवली आहे का?

कागदावर फार विसंबू नका, निदान आपल्या देशात तरी नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या २९ अ कलमानुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत लिहावं लागतं की आम्ही राज्यघटनेशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा ठेवू. ही तरतूद १९८९ पासून आहे. म्हणजे आपल्याकडे कुठलाही पक्ष घ्या, कागदोपत्री तो समाजवादीही आहे आणि धर्मनिरपेक्षही. सगळ्यांनी तेच लिहिलेलं असल्यावर त्यावरून कोणाची पारख होणार?

ब्रिटनच्या मजूर पक्षात मात्र कागदाला वजन होतं. त्यांच्या घटनेतलं चौथं कलम १९१८ चं. उत्पादनाच्या साधनांवर सामाईक मालकी हवी असं ते सांगायचं आणि सभासदाच्या कार्डावर छापलेलं असायचं. १९५९ च्या पराभवानंतर तेव्हाचे पक्षनेते गेटस्केल यांनी ते बदलायचा प्रयत्न केला, पक्षाने हाणून पाडला. टोनी ब्लेअर यांनी १९९५ मध्ये खास अधिवेशन बोलावून, कामगार संघटनांशी वाद घालून, मतदान घेऊन ते बदललं. त्या बदलासाठी पक्षात भांडण झालं, म्हणून त्याला किंमत होती. आपल्याकडे ठराव टाळ्यांनी मंजूर होतात. जो ठराव टाळ्यांनी येतो तो टाळ्यांनीच मागे घेता येतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. पक्ष जुना आग्रह 'सोडला' म्हणतोय की 'बाजूला ठेवला' म्हणतोय, हे कान देऊन ऐका. १९९८ मध्ये भाजपच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय होते. मित्रपक्षांबरोबर जो राष्ट्रीय कार्यक्रम ठरला त्यात ते नव्हते. तेव्हा अनेकांनी लिहिलं की पक्ष मध्यावर आला. मीही लिहिलं. पण पक्षाने ते विषय सोडल्याचं कधीच म्हटलं नव्हतं. आमचं स्वतःचं बहुमत नाही, एवढंच नेते सांगत होते. २०१४ मध्ये २८२ जागांचं बहुमत आलं, २०१९ मध्ये ते ३०३ वर गेलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ३७० चा विषय निकाली निघाला. यात पक्षाने कोणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं वाक्य आम्ही नीट ऐकलं नाही. मित्रपक्ष हे कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आत राहिलेल्याला आम्ही मवाळ समजलो.

आता आपल्या मातीतलं जुनं उदाहरण. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि ते इथे भरावं म्हणून राबलेल्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पुढे होते. आमच्या घरात माझे आजोबा सांगायचे की रावेर-यावलच्या रस्त्याने बैलगाड्यांची रांग तुटत नव्हती. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला: शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाच्या ओझ्यातून सोडवा, सरंजामी वसुली बंद करा. पुढच्या काही आठवड्यांत प्रांतिक निवडणुका होत्या. म्हणजे आजच्या भाषेत निवडणुकीच्या तोंडावरची घोषणा. शहरी वकिलांचा म्हणून ओळखला जाणारा पक्ष शेतकऱ्याकडे सरकत होता. हे मध्याकडे येणं नव्हे, पण कस तोच लागतो.

खरं होतं का ते? मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ १९३७ मध्ये आलं. १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्याच वर्षी कुळांसाठीही कायदा झाला. दोन वर्षांत दोन कायदे. जमीनदार आणि सावकार पक्षाचे देणगीदार असतानाही. म्हणून मी त्याला खरं म्हणतो, अपुरं असलं तरी. पण त्याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये संपावर बंधनं आणणारा औद्योगिक कलहाचा कायदा केला आणि त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन संपावर गेले. म्हणजे शेतावर पक्ष एक होता, गिरणीच्या फाटकाशी दुसरा. अमळनेर, चाळीसगाव, धुळे इथल्या गिरणी कामगारांना फैजपूरचा पक्ष ओळखू आला नसता. तेव्हा 'पक्ष बदलला का' असा एकच प्रश्न विचारू नये. कोणत्या बाबतीत, कोणासाठी, हेही विचारावं.

आता मी स्वतः बघितलेली गोष्ट, जिच्यामुळे माझी पद्धत बदलली. पक्षाचं आणि गावाचं नाव देत नाही.

आपल्याला ठाऊक आहेच, पक्षाचं तिकीट म्हणजे एबी फॉर्म. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडला नाही, तर उमेदवार पक्षाचा राहत नाही. जाहीरनामा लोकांसाठी असतो, एबी फॉर्म पक्षाच्या स्वतःच्या हिशेबाचा असतो. मी त्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली उभा होतो. बाहेरच्या फलकावर सगळ्या समाजांच्या महापुरुषांचे फोटो आणि मधोमध 'सर्वांना सोबत घेऊन'. आत दोघेजण थांबलेले. एक जुना कार्यकर्ता, ज्याच्या भाषणांनंतर गावात दोनदा बंदोबस्त लावावा लागला होता. दुसरा किराणा व्यापारी, सगळ्या मोहल्ल्यांत उधारी असलेला आणि सगळ्यांशी गोड. पावणेतीनला जळगावहून गाडी आली. प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद जुन्या कार्यकर्त्याच्या हातात गेला. व्यापारी गुपचूप मागच्या दाराने निघून गेला. बाहेरचा फलक निवडणूक संपेपर्यंत तसाच होता.

पाच वर्षांनी त्याच आवारात उलटं झालं. कागद व्यापाऱ्याला मिळाला. जुन्याने तिथेच आरडाओरडा केला, अपक्ष उभा राहिला आणि दहा-बारा हजार मतं खाल्ली. पक्षाची जागा गेली. मी त्या आठवड्यात लिहिलं की आता हा बदल खरा आहे, कारण पक्षाने त्यासाठी जागा गमावली. वाचकांची पत्रं आली, पाठ थोपटली गेली. वर्षही उलटलं नाही आणि त्या जुन्या कार्यकर्त्याची घरवापसी झाली. शाल, श्रीफळ, फटाके. तीन महिन्यांत तो तालुकाध्यक्ष. व्यापाऱ्याला कोणी बोलावलंसुद्धा नाही. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या खेड्यातले एक म्हातारे आप्पा माझ्याजवळ येऊन अहिराणीत एवढंच म्हणाले, "भाऊ, आठे एक, तठे एक." म्हणजे इथे एक, तिथे एक. मी माझा लेख मनातल्या मनात परत घेतला.

तेव्हापासून सगळ्यांत जास्त वजन मी एकाच गोष्टीला देतो: मवाळ झाल्यावर पक्ष हरला, तर पुढे काय करतो? जिंकल्यावर मवाळ राहणं सोपं. पराभवानंतर पक्षातले कडवे लोक उठतात आणि म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो." त्या बैठकीत जे ठरतं तो पक्षाचा खरा निर्णय.

जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने नोव्हेंबर १९५९ मध्ये गोडेसबर्गला नवा कार्यक्रम मंजूर केला. मार्क्सवादी भाषा सोडली, बाजारव्यवस्था स्वीकारली. १९६१ मध्ये ते सत्तेबाहेर राहिले. १९६५ मध्येही. दोन पराभव पचवूनही मागे फिरले नाहीत. १९६६ मध्ये आघाडी सरकारात शिरले आणि १९६९ मध्ये विली ब्रांट चॅन्सेलर झाले. याच्याशेजारी आपल्याकडचं उदाहरण ठेवून बघा. भाजपची स्थापना १९८० ची, आणि वाजपेयींच्या अध्यक्षतेखाली तेव्हा 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला गेला. १९८४ मध्ये लोकसभेत दोन जागा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट होती, तिच्यात कोणतंही धोरण टिकलं नसतं. तरी पक्षाने त्यातून धडा घेतला तो वेगळा, आणि १९८९ मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव केला. कोणता रस्ता चांगला, कोणता वाईट हा या उत्तराचा विषय नाही. पहिल्या पक्षात बदल मुरला होता, दुसऱ्यात मुरला नव्हता, एवढंच.

फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांनी २०११ मध्ये वडिलांचा कडवा उजवा पक्ष हाती घेतला, २०१५ मध्ये वडिलांनाच पक्षातून काढलं, २०१८ मध्ये नाव बदललं. युरोपीय संघातून बाहेर पडायची मागणी सोडली. ही किंमत मोठी आहे, नाकारता येणार नाही. पण सरकारी मदतीत आणि घरांत फ्रेंच नागरिकांना आधी घ्यायचं, हा मूळ आग्रह २०२२ च्या कार्यक्रमातही होता. २०२४ मध्ये अचानक निवडणूक लागली तेव्हा घाईत उभ्या केलेल्या उमेदवारांपैकी काहींचे जुने वंशद्वेषी मजकूर बाहेर आले आणि नाझी काळातल्या हवाई दलाची टोपी घातलेल्या फोटोमुळे एका उमेदवाराला माघार घ्यावी लागली. वरचं घर रंगवलेलं, तळघर तसंच. उमेदवारांची यादी तळघराचा दरवाजा उघडते, म्हणून मी ती आधी वाचतो.

एक आक्षेप नेहमी येतो: "हे तर नाइलाजाने बदलले, मग खरे कसे?" हा आक्षेप मला पटत नाही. द्रमुकचं बघा. भारतापासून वेगळ्या द्रविडनाडूची मागणी हा तामिळनाडूतल्या त्या पक्षाचा पायाच होता. १९६२ चं चीनयुद्ध झालं, १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ बंधनकारक झाली, आणि पक्षाचे नेते अण्णादुराई यांनी मागणी मागे घेतली. उघड उघड नाइलाज. पण १९६७ मध्ये सत्ता मिळाली, भांडण राज्यांच्या स्वायत्ततेकडे वळलं आणि पुढे तो पक्ष दिल्लीतल्या आघाडी सरकारांत मंत्रिपदं सांभाळत राहिला. सक्तीने सुरू झालेलं वागणं अंगवळणी पडलं. सुरुवात कशी झाली यापेक्षा त्यातून नवी माणसं, नवे हितसंबंध तयार झाले का हे महत्त्वाचं. झाले असतील तर मागे फिरणं पक्षालाच महाग पडतं.

आपल्या जळगाव जिल्ह्यात याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर गेली. किमान समान कार्यक्रमात राज्यघटनेतल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख होता, आणि त्याच आठवड्यात उद्धव ठाकरे विधानसभेत सांगत होते की हिंदुत्व सोडलेलं नाही. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत पक्षाने बाजूने मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. सभात्यागाचा हिशेब लक्षात ठेवा: साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, त्यामुळे उठून जाणारा विधेयक अडवत नाही, बहुमताचा आकडा खाली आणतो. मला तेव्हा तो पक्ष उंबरठ्यावर उभा दिसला, एक पाय आत, एक बाहेर.

मुंबईत करार झाला, पण इथे काय? धरणगाव, पाचोरा, एरंडोल-पारोळा, चोपडा इथल्या शिवसैनिकांनी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध गावागावांत मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या, त्यांच्याच शेजारी व्यासपीठावर बसायचं होतं. त्यांना कोणी समजावून सांगायला आलं नाही. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला तेव्हा जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार एकनाथ शिंदेंबरोबर गेले. त्यामागे निधीची तक्रार होती, सत्तेचं गणित होतं, आणखीही काही असेल. पण मी त्या दिवसांत ज्या शाखांत बसलो तिथे एकच वाक्य परत परत ऐकलं, "आम्हाला विचारलं कोणी होतं?" ठाकरे मनापासून बदलले होते की नाही, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. बदल तालुक्यापर्यंत पोचलाच नव्हता.

खानदेशासाठी अजून एक सांगायला हवं. पुस्तकात शिकवतात की दोन पक्षांच्या लढतीत दोघेही मधल्या मतदाराकडे सरकतात. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये ते नीट मांडलं. पण आपल्याकडे लढत चौरंगी, पंचरंगी असते. तीस-पस्तीस टक्क्यांत माणूस निवडून येतो. तेवढी मतं आपल्या लोकांतूनच मिळत असतील तर मध्यावर यायची गरजच पडत नाही. शिवाय आपला मध्य डाव्या-उजव्याच्या मधला नाही. लेवा, मराठा, गुजर, राजपूत, कोळी, बौद्ध, मुस्लिम, सातपुड्याकडचे भिल्ल आणि पावरा, यांतल्या जास्तीत जास्त लोकांना जो चालतो तो इथे मध्य. म्हणून व्यासपीठावर कोण बसलंय यापेक्षा बैठकीत कोणाचं ऐकलं जातं ते बघा. आणि बाजार समिती, दूध संघ, जिल्हा बँक यांच्या सर्वपक्षीय पॅनलवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. तिथे कट्टर विरोधक एका ताटात जेवतात आणि विधानसभेला पुन्हा एकमेकांवर तुटून पडतात. ती सहकाराची वेगळी रीत आहे.

तर तुमच्या पक्षाकडे येतो. तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून माझं मत: अजून खरा नाही, पण खोटाही म्हणू नका. फलकाला हजार-दोन हजार रुपये लागतात, ती काही किंमत नव्हे. चोपडा विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, त्यामुळे तिथल्या उमेदवारावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. तालुकाध्यक्ष बदलला का? ज्याने पंधरा वर्षं ती भाषणं केली तो आज कुठे आहे? घरी बसवला आहे की जिल्ह्यात बढती दिली आहे? नगरपालिकेला ज्या प्रभागात त्या समाजाची मतं नाहीत, तिथल्या सभेत पक्ष काय बोलतो? हे शेवटचं मुद्दाम ऐका. जळगावच्या पत्रकार परिषदेतली प्रमाण मराठी आणि रात्रीच्या कोपरा सभेतली अहिराणी, दोन्ही एका वहीत समोरासमोरच्या पानांवर उतरवून ठेवा. मी तीस वर्षं तेच केलं, आणि माझ्या कामाला आलेली कुठली वस्तू असेल तर ती वही.

उरुसाच्या त्या फलकाचा फोटो काढून तारीख टाकून ठेवा. हा पक्ष कधीतरी तुमच्या तालुक्यात एखादी निवडणूक हरेल. त्यानंतरच्या पहिल्या उरुसाला फलक लागला का, आणि त्यावर कोणाचा फोटो आहे, एवढं मला कळवा.